दम्याच्या औषधांचा डोस जास्त झाला तर: ओळखायचं कसं, करायचं काय

रानजाई (धागाकर्ती)

माझे सासरे मिरजेजवळच्या गावी असतात. वय ७४, दमा जुना आणि बिडी त्याहून जुनी. रात्री थिओफायलिन ४०० ची एक गोळी आणि सकाळ-संध्याकाळ पंप, असं वर्षानुवर्षं चाललेलं. दिवाळीनंतर छाती भरली म्हणून ॲडमिट करावं लागलं, तेव्हा बिडी सुटली ती सुटलीच. घरात सगळ्यांना आनंद. पुढे लघवीला जळजळ होते म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स दिला. तो संपत आला आणि उलट्या सुरू झाल्या.

सासूबाई म्हणाल्या, पित्त झालंय. मग कोकम सरबत झालं, आल्याचा रस झाला, पित्ताची गोळी झाली. उलट्या थांबेनात. झोप उडाली, चिडचिड वाढली. आमचे मामंजी चहा बशीत ओतून पितात. त्या दिवशी बशी ओठापर्यंत जाईचना, हात असा लटलट कापत होता की चहा सगळा सदऱ्यावर सांडला. नणंद तिथेच होती. ती अंगणवाडीत काम करते. तिने मनगट धरलं, घड्याळ लावून ठोके मोजले, १३० च्या वर. छाती मात्र मोकळी होती, धाप नव्हती. म्हणून दम्याशी याचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

नणंदेने आणखी एक काम केलं आणि त्यामुळेच पुढचं सोपं गेलं. औषधांचा स्टीलचा डबा होता तसा उचलून पिशवीत टाकला आणि गाडी काढायला लावली. डब्यात पट्ट्या होत्या, पण कात्रीने कापलेल्या. चार गोळ्या हव्यात म्हटलं की मेडिकलवाले कापून देतात ना, तशा. काहींवर नावाची दोनच अक्षरं उरलेली. डॉक्टरांनी टेबलावर सगळं पसरलं आणि एकेक तुकडा जुळवून पाहिला. ईसीजीत ठोके वेगाने आणि अधूनमधून चुकत पडत होते. पोटॅशियम उतरून २.८. थिओफायलिनची पातळी तपासायला रक्त मोठ्या लॅबला गेलं, त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: ३४. वीसच्या वर गेलं की त्रासाला सुरुवात होते, असं त्यांनी सांगितलं. पण उत्तराची वाट न बघता त्यांनी उपचार आधीच सुरू केले होते, कारण दोन प्रश्नांतच त्यांना उलगडा झाला होता. नवीन औषध कुठलं सुरू केलं? आणि बिडी-सिगारेट कधी सोडली?

आता मामंजी घरी आहेत, बरे आहेत. पण ही गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. एकही गोळी जास्त गेली नव्हती. रोजचीच गोळी, रोजच्याच वेळी. तरीही डोस जास्त झाला. आपल्याकडे घरटी एखादा तरी दमेकरी असतो. इथे डॉक्टर मंडळी आहेत, औषधांच्या धंद्यातली माणसं आहेत. जे माहीत आहे ते कृपया लिहा.

चाफेकळी

रानजाई, वाचून अंगावर काटा आला. मामंजी सावरले हे फार बरं झालं. बिडी सोडल्यावर औषध वाढतं हे पहिल्यांदाच ऐकतेय. कसं काय? माझ्या बाबांनाही दमा आहे आणि आम्ही त्यांच्या मागे लागून तंबाखू-सिगारेट सोडवायला बघतोय. मग सोडायचं नाही का?

तापमापक

चाफेकळी, सोडायचंच. फक्त डॉक्टरांना सांगून सोडायचं. (मी फिजिशियन आहे, अतिदक्षता विभागात काम करतो.)

थिओफायलिनचा निचरा यकृत करतं. धुरातली रसायनं यकृताला या कामात जास्त चपळ करतात, त्यामुळे बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तेवढ्याच परिणामासाठी जास्त गोळी लागते. धूर बंद झाला की ती चपळाई काही दिवसांत ओसरते, पण गोळी तीच राहते. नुसता तंबाखू चघळणाऱ्याला हे लागू नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन यकृताची नेमकी तीच वाट अडवतं. मामंजींच्या बाबतीत दोन्ही एकदम घडलं. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांनीही पातळी वाढते. ॲझिथ्रोमायसिनने सहसा तसं होत नाही. शिवाय मोठा ताप, हृदय कमजोर होणं, यकृताचा आजार, यांतही निचरा मंदावतो. या औषधाचा फायदा आणि अपाय यांत अंतर फार थोडं आहे. म्हणूनच आता दम्यात ते मागे पडलं आहे. पण स्वस्त आहे, गोळी आहे, पंपासारखं तंत्र शिकावं लागत नाही, त्यामुळे गावोगाव अजून चालतं.

आता लक्षणं. थिओफायलिन चहा-कॉफीतल्या कॅफिनच्याच घराण्यातलं. १८८८ मध्ये आल्ब्रेश्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ते चहाच्या पानांतूनच वेगळं काढलं. चहा-कॉफी प्रमाणाबाहेर झाली की जे होतं तेच इथे कितीतरी पटींनी होतं: मळमळ, न थांबणाऱ्या उलट्या, धडधड, हात कापणं, झोप न येणं, अस्वस्थपणा. यापुढची पायरी म्हणजे हृदयाची लय बिघडणं आणि आकडी. या आकडीची मला भीती वाटते, कारण ती कधीकधी कुठलीही सूचना न देता येते. म्हातारपणी, रोज औषध घेणाऱ्याला, तरुणाच्या मानाने कमी पातळीवरही येते. फेनिटॉइन हे आकडीचं नेहमीचं औषध इथे उपयोगी पडत नाही, लोराझेपाम किंवा मिडाझोलामसारखी औषधं लागतात. म्हणजे ही लढाई घरी लढायची नाही.

दुसरी अडचण अशी की यातल्या बऱ्याच गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात. एकदम जास्त पोटात गेल्या तर पहिले काही तास माणूस ठीक दिसतो, पातळी मात्र बारा-बारा तास चढत राहू शकते. 'आत्ता बरा आहे, सकाळी बघू' हे वाक्य इथे घातक ठरतं. गोळी फोडून, कुटून देऊ नका तेही याचसाठी. रात्रभर सावकाश उतरायचं औषध एकदम उतरतं.

दवाखान्यात आम्ही कोळशाची औषधी पूड पाजतो, या औषधासाठी पुन्हा पुन्हा पाजतो. कारण रक्तात गेलेलं थिओफायलिनही आतड्यातून ओढून घेण्याचं काम ती करते. उलट्या थांबवायचं औषध, पोटॅशियम, हृदयाच्या मॉनिटरवर नजर, आणि पातळी फारच वर असेल तर डायलिसिस. डायलिसिसने हे औषध चांगलं निघतं, त्यामुळे वेळेत आलेला पेशंट सहसा हाती लागतो.

घरी काय करू नये ते सांगतो. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. दूध-तूप-ताक पाजू नका. आकडी आली तर कांदा, चप्पल काही नाकाशी धरू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू हलवा, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, १८०० ११६ ११७ हा त्यांचा मोफत नंबर. तिथे विचारता येतं. मात्र सतत उलट्या, छातीत धडधड, आकडी, गुंगी यांपैकी काही असेल तर आधी गाडी, मग फोन.

शीशी

मेडिकल चालवतो, नाशिककडे. रानजाई यांच्या नणंदेने डबा उचलला हे वाचून बरं वाटलं. पट्टी कापताना नाव आणि मुदत ग्राहकाच्या तुकड्यावर राहील असं बघायला हवं, हे मी माझ्या दुकानातल्या पोरांना रोज सांगतो. घरच्यांनीही मागून घ्यावं. नाव नसेल तर पाकिटावर पेनाने लिहून द्यायला लावा, त्यात संकोच कसला.

माझ्या काउंटरवर खरा घोळ दिसतो तो असा. एकच औषध वेगवेगळ्या नावांनी घरात येतं. डेरिफायलिन रिटार्डमध्ये एटोफायलिन आणि थिओफायलिन आहे. थिओ-अस्थालिनमध्ये थिओफायलिन आणि सालब्युटामॉल, म्हणजे झटक्यात घ्यायच्या पंपातलं औषध. डॉक्सोफायलिन आणि ॲसिब्रोफायलिन ही त्याच कुळातली. छातीच्या डॉक्टरांनी एक लिहिलेलं असतं, फॅमिली डॉक्टरांनी दुसरं, आणि तिसरं शेजारणीला गुण आला म्हणून मागून नेतात. शेवट 'फायलिन'ने होणारी दोन नावं एका डब्यात दिसली तर घेण्याआधी विचारा.

सिरपचंही तेच. खोकला मोकळा करणाऱ्या कित्येक सिरपांत लेव्होसालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं, म्हणजे पंपातलंच औषध किंवा त्याचा सख्खा भाऊ. आई मुलाला वाफेचं मशीन (नेब्युलायझर) लावते, वर सिरप देते, तेही स्वयंपाकघरातल्या चमच्याने. घरातला चमचा कुठे तीन मिलीचा, कुठे दहाचा. बाटलीवरचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. नेब्युलायझरसाठी सालब्युटामॉल दोन रूपांत मिळतं. एक तयार कुपी, अडीच मिलीत अडीच मिलिग्रॅम. दुसरं बाटलीतलं दाट द्रावण, त्यात एका मिलीतच पाच मिलिग्रॅम. कुपी संपली म्हणून कुणी बाटलीतलं तेवढंच अडीच मिली ओतलं तर डोस पाचपट होतो. ही बाटली घरात ठेवूच नका, कुप्याच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पारिजात

शीशी यांची पाचपटीची गोष्ट वाचून पोटात गोळा आला. मुलगा सहा वर्षांचा, थंडी पडली की आमच्याकडे मशीन बाहेर निघतं. पंप घेतल्यावर त्याचे हात थरथरतात, छातीत धडधडतं म्हणतो. हा जास्त डोस समजायचा का? मागच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, नको देऊस एवढं, हृदयावर जातं. आणि मी पुढचा पफ द्यायला कचरले. आता हा धागा वाचून आणखीच घाबरायला झालंय.

तापमापक

पारिजात, तुमच्यासाठी स्वतंत्र लिहितो, कारण या धाग्याचा असा परिणाम अजिबात होता कामा नये.

दम्याचा झटका आलेल्या मुलाला पंप न मिळणं हे पंप जास्त होण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल असतं, दहा पफ झाले तरी एक मिलिग्रॅम. तुमच्या मशीनच्या एका कुपीत अडीच मिलिग्रॅम. सहा वर्षांच्या आणि पुढच्या मुलाला झटक्यात स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची नळी) लावून चार ते दहा पफ, पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी देता येतात. जगभर हेच शिकवतात. (पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दोन ते सहा.) हात थरथरणं, थोडी धडधड हे औषध लागू झाल्याचं चिन्ह आहे, तास-दोन तासांत ओसरतं. त्यासाठी पफ रोखायचा नाही. एवढे पफ देऊनही पोरगं एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर पफ देत देत दवाखाना गाठायचा.

जास्त झालं असं केव्हा म्हणायचं? मूल भराभर उलट्या करतंय, ठोके मोजता येत नाहीत इतके पडतायत, अतिशय बेचैन आहे किंवा गळून गेलंय, तेव्हा. पंपाने असं क्वचित होतं, पोटात गेलेल्या सिरपने किंवा गोळ्यांनी जास्त. लहान मुलाने सिरपची बाटली तोंडाला लावली, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्रॅमच्या वर सालब्युटामॉल पोटात गेलं असेल, तर लक्षणं असोत-नसोत, मुलाला दवाखान्यात दाखवा. पाच मिलीत दोन मिलिग्रॅमचं सिरप असेल तर दहा किलोच्या मुलासाठी हे पंचवीस मिली होतात. लेव्होसालब्युटामॉलचं सिरप असेल तर हा हिशेब धरू नका, थेट विचारा. बाटलीत किती उरलंय ते बघा, जमिनीवर सांडलेलं हिशेबातून वजा करू नका. यात रक्तातलं पोटॅशियम उतरतं, साखर चढते. बहुतेक मुलं काही तास नजरेखाली ठेवून, सलाईनवर बरी होतात.

आणखी एक, जे कसलेल्या डॉक्टरांनाही चकवतं. सालब्युटामॉल फार झालं की रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं आणि ते बाहेर टाकायला शरीर श्वास जोरात घेऊ लागतं. बघणाऱ्याला वाटतं दमा वाढला, म्हणून आणखी वाफ. छातीत घरघर नाही, ऑक्सिजन नीट आहे, तरी श्वास भरभर चाललाय, असं दिसलं की आम्ही थांबतो आणि रक्त तपासतो. घरी हे ठरवता येणार नाही. वारंवार मशीन लावूनही श्वास भरभरच राहिला तर कारण कुठलंही असो, जागा दवाखानाच.

दूरदेशी

मी ऑकलंडला असते. इथल्या जुन्या नर्सेस या विषयावर अजून बोलतात. १९७६ मध्ये न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाचा, सालब्युटामॉलपेक्षा जोरकस पंप आला आणि दम्याने मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलं, तरुण मुलंसुद्धा गेली. १९८९ मध्ये इथल्याच संशोधकांनी त्या पंपाकडे बोट दाखवलं, त्यावर निर्बंध आले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्याआधी साठच्या दशकात इंग्लंडमध्ये आयसोप्रेनालिनच्या जास्त ताकदीच्या पंपांबाबत असंच घडलं होतं.

तापमापक म्हणतात ते झटक्यापुरतं अगदी बरोबर आहे. पण रोजच पंप मारावा लागत असेल तर तोही एक प्रकारे डोस जास्त होणंच आहे, फक्त सावकाश. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात नुसत्या सालब्युटामॉलवर दमेकऱ्याला ठेवू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. सूज उतरवणारं स्टेरॉइड श्वासातून हवंच. वर्षाला तीन किंवा जास्त निळे (सालब्युटामॉलचे) पंप संपत असतील तर दमा आटोक्यात नाही असं धरतात. भारतात हा पंप मेडिकलमध्ये सहज हातात पडतो, त्यामुळे किती संपले याचा हिशेब कुणी ठेवतच नाही.

शीशी

दूरदेशी, अगदी खरं. आणि स्टेरॉइडच्या पंपाला लोक घाबरतात, 'सवय लागते' म्हणून परत आणून देतात. तेच लोक गावोगाव मिळणारी दम्याची पुडी बिनदिक्कत घेतात, जिच्यात स्टेरॉइडच मिसळलेलं निघतं. अशी पुडी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, पुडी सोबत न्या. आणि एकदम बंदही करू नका, त्यानेही माणूस कोसळतो.

सातपुडा

आमच्याकडे यावल भागात अजून म्हातारी माणसं धोत्र्याच्या वाळक्या पानांचा धूर घेतात दम्यावर. आजोबा घ्यायचे, बरं वाटायचं त्यांना. हेही यात धरायचं का?

तापमापक

सातपुडा, नक्की धरायचं. धोत्र्याने श्वासनळ्या खरंच सैल होतात. आज वापरतो त्या इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम या पंपांचं मूळ धोत्र्यातल्याच ॲट्रोपिनात आहे. आणि १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हा धूर मद्रासकडूनच इंग्लंडात गेला. पण पानात किती उतरलंय याला काही माप नाही. जास्त झालं की तोंड कोरडं पडतं, अंग तापतं पण घाम येत नाही, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, आणि माणूस भ्रमात बरळतो, हवेतल्या वस्तू पकडू बघतो. बी खाण्यात गेलं तर फारच वाईट. असं दिसलं की 'बाहेरचं काही लागलंय' म्हणून वेळ घालवू नका.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. नेब्युलायझरच्या औषधात इप्राट्रोपियम असेल आणि मास्क गालावर सैल बसला असेल, तर वाफ डोळ्यात जाऊन एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते. मेंदूत काही झालं की काय म्हणून घरचे हादरतात. मशीन लावलं होतं हे डॉक्टरांना सांगा. काचबिंदू असणाऱ्यांनी मात्र याला जपावं, त्यांचा डोळा दुखू शकतो.

कौलारू

माँटेलुकास्ट या दम्याच्या औषधाच्या चघळायच्या गोड गोळ्या माझ्या भाचीने चॉकलेट समजून खाल्ल्या होत्या. तापमापक, त्याने काही गंभीर होतं का?

तापमापक

नुसतं माँटेलुकास्ट असेल तर बहुधा पोटदुखी, तहान, झोप, उलटी एवढंच. पण आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत सोबत लेव्होसेटिरिझिन हे ॲलर्जीचं औषध असतं, त्याने मूल चांगलंच गुंगतं किंवा उलट बेफाम होतं. पट्टी घेऊन दाखवायचंच. वेगळा मुद्दा: नेहमीच्या डोसनेही झोपेत दचकणं, चिडचिड, उदासी असे बदल होऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये यासाठी ठळक इशारा छापायला लावला. असं वाटलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

शुश्रूषा

सिस्टर आहे, कॅज्युअल्टीत. एक विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. काही जण या गोळ्या मुद्दाम जास्त घेतात. घरचे पोलीस केस होईल, नाव जाईल म्हणून तास-दोन तास घरीच घालवतात आणि मग 'चुकून घेतल्या' म्हणून आणतात. आम्हाला खरं सांगा. किती, कुठल्या, किती वाजता, सोबत काय, यावर उपचार ठरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे. त्याच्यावर ओरडू नका, एकटं सोडू नका. मनात असं काही येत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही.

रानजाई

शुश्रूषा, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. तापमापक, एक राहिलं. मामंजींना डॉक्टरांनी थिओफायलिन बंद करून नुसत्या पंपांवर ठेवलंय. ते म्हणतात गोळीशिवाय छाती भरल्यासारखी वाटते. एखाद दिवशी घेतली तर चालेल का?

तापमापक

नाही, मनाने नको. तक्रार डॉक्टरांना सांगा. आधी त्यांचा पंप घेण्याचा हात बघून घ्या, या वयात दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नाही आणि निम्मं औषध जिभेवरच राहतं. स्पेसर लावला की फरक पडेल. घरातल्या उरलेल्या गोळ्या काढून टाका.

चाफेकळी

सगळ्यांचं वाचून आज बाबांचा डबा जेवणाच्या टेबलावर ओतला. डेरिफायलिन निघाली आणि दुसऱ्या पाकिटात डॉक्सोफायलिन. दोन वेगळ्या डॉक्टरांची, दोन्ही चालू. बाबा म्हणाले, हल्ली झोप लागत नाही ती वयामुळे असेल. छातीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डेरिफायलिन आजपासून बंद करायला सांगितली आणि उद्या सकाळी ईसीजीला बोलावलंय. सिगारेट सोडण्याचंही त्यांच्याशी तिथेच बोलणार आहे. पट्ट्या सगळ्या पिशवीत भरून ठेवल्यात.